आधी इंजिन धुवायचं

३ मार्च, सोमवार

हिने आज ही डायरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "गाडीचं जे जे कराल ते यात लिहा. नाहीतर तेच तेच करत बसाल." मी पहिलं इंजिन उघडलं तेव्हा ही शाळेत पाढे म्हणत होती, पण वाद घातला नाही. डायरी कुठल्याशा बॅटरी कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी 'भरवसा ठेवा' असं छापलंय. कोणावर ते छापलेलं नाही.

गाडी हिची. जुनी, पांढरी, छोटी. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडायचं ठरवून ही ड्रायव्हिंग क्लास काढते आहे. तोही फक्त पन्नाशीपुढच्या बायकांसाठी. टपावर फलक लावलाय: 'आरामात शिका. इथे कोणी ओरडत नाही.' या फलकाचा रोख कोणाकडे आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी हिला एकदाच गाडी शिकवायला गेलो होतो. दुसऱ्या सिग्नलला ही खाली उतरली आणि चालत घरी आली. पुढे ती माझ्या धाकट्या भावाकडून शिकली. त्या धाकट्याशी माझं बोलणं बंद आहे. पाण्यावरून. ते परत कधीतरी लिहीन.

ते असो. शिकवायच्या गाडीत गुरूच्या पायाशी लागणारा क्लच-ब्रेकचा दुसरा जोड मी स्वतः बसवून दिला. २८ तारखेला गाडीची सरकारी तपासणी आहे. पास झाली तर क्लास रीतसर सुरू. नाही झाली तर पुढची तारीख थेट पावसाळ्यानंतर, आणि शाळेने रजा दिली आहे ती ३१ पर्यंतच. म्हणजे परत कपाटांच्या मधली तीच खुर्ची. "त्या खुर्चीवर मी मेले तरी बसणार नाही," असं ही म्हणते, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

आज ही पहिल्या विद्यार्थिनीला घेऊन गोदामामागच्या मोकळ्या मैदानात गेली होती. विद्यार्थिनी म्हणजे बँकेतून रिटायर झालेल्या कॅशियरबाई. गाडी मैदानाच्या मधोमध बंद पडली. सकाळी मी स्वतः धुऊन, बॉनेट उघडून आतूनसुद्धा चकाचक करून दिली होती, तेव्हा हलगर्जीपणा माझा नाही हे आधीच लिहून ठेवतो.

दोर बांधून, टोचन करून गॅरेजात आणली. मैदानाची धूळ बसली होती, म्हणून आधी इंजिन धुतलं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा पहिला नियम: आधी इंजिन धुवायचं, मग हात लावायचा. त्यांनी आयुष्यात दुसरा नियम सांगितलाच नाही. धुऊन झाल्यावर स्कॅनर लावला. हे यंत्र मला आवडत नाही, पण हल्ली त्याच्याशिवाय गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. कोड आला यू शून्य एक शून्य शून्य. इंजिनाच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला आहे. म्हणजे बॅटरीच्या शेजारी एक चपटा डबा असतो, गाडीचा मेंदू, तो फोन उचलत नाही आणि बाकीची गाडी त्याच्या नावाने ओरडते आहे.

बॅटरीची टोकं सैल वाटली. घासून घट्ट केली. गाडी तरीही ढिम्म. बॉनेट उघडं टाकून घरी आलो.

४ मार्च, मंगळवार

पहिल्याच किल्लीला सुरू! टर्मिनलच होतं. मी हिला म्हटलं, "अनुभव म्हणतात तो हा." ही म्हणाली, "काल संध्याकाळी का नाही झाली मग सुरू?" म्हटलं, "करंटला मुरायला वेळ लागतो." असं काही नसतं, पण हिला काय कळतंय.

७ मार्च, शुक्रवार

परत तेच. तोच कोड. मधले दोन दिवस गॅरेजात दुसऱ्यांची कामं तुंबली होती, त्यामुळे हिच्या गाडीकडे बघायला झालं नाही आणि ती नीट चालली. आज सकाळी वेळ मिळाला, प्रेमाने धुऊन दिली, तर मैदानावर पोचते न पोचते तोच मेली. गाडीलासुद्धा कृतज्ञता म्हणून नसते.

टोचन. इंजिन धुतलं. सगळे फ्यूज काढून पाहिले, करंट चालू-बंद करणारा रिले बदलला. सुरू नाही झाली. बॉनेट उघडं टाकून आलो. उद्या होईल सुरू. माझ्या कामाला मुरायला एक रात्र लागते असं आता माझ्या लक्षात आलंय.

जेवताना ही म्हणाली, "अहो, रोज धुवायलाच हवी का?"

मी चमचा खाली ठेवला आणि हिला सांगितलं की धूळ हा इंजिनाचा पहिला शत्रू आहे, की उस्ताद जळक्या तेलाचा एक थेंब दिसला तर हातातला पाना फेकून मारत, की माझ्या गॅरेजातून आजवर एकही गाडी मळलेल्या इंजिनाने बाहेर पडलेली नाही आणि मी असेपर्यंत पडणार नाही. मी थांबलो तेव्हा हिचं जेवण होऊन ताटही घासून झालं होतं.

८ मार्च, शनिवार

सुरू झाली. रिलेच होता.

१२ मार्च, बुधवार

रिले नव्हता. सोमवारी धुऊन दिली आणि परत तेच.

मग विचार केला की संपर्क तुटलाय तो मेंदूशी, म्हणजे मेंदूच गेला असणार. नवा घेण्याची आपली ऐपत नाही. म्हणून काल सकाळीच भंगारबाजारात गेलो, रात्री एका मित्राकडे पथारी टाकली आणि आज त्याच मॉडेलच्या आपटलेल्या गाडीतला डबा मिळवून परत आलो. भंगारवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "एकदम शाबूत डोकं आहे." मी म्हटलं, "गाडीचं ना?"

घरी आलो तर ही खुशीत. काल आणि आज गाडी एकदाही बंद पडली नाही. कॅशियरबाई तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या. आणखी तिघी नाव नोंदवून गेल्या. मी चप्पल काढेपर्यंत हे सगळं ऐकलं आणि मला आनंद झाला, पण खरं लिहायचं तर थोडं लागलंही. मी नसलो की गाडी गुणी. मी आलो की थेरं.

उद्या सकाळी धुऊन नवा डबा बसवतो.

१३ मार्च, गुरुवार

आजचा दिवस कोणाला सांगू नये असा गेला.

भंगारातला डबा बसवला. गाडीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. स्कॅनर म्हणतो, किल्ली ओळखीची नाही. म्हणजे या डब्याला आपल्या जुन्या मालकाची किल्ली लक्षात आहे आणि मी त्याच्या लेखी चोर. त्याला नवी किल्ली ओळखायला लावायची तर लॅपटॉप लागतो, आणि तसलं लॅपटॉपचं काम गावात एकच जण करतो. त्याचं नाव मी घेत नाही.

जुना डबा परत लावला. प्लग काढताना आत हिरवट काहीतरी दिसलं. पितळ म्हटलं की हिरवं पडायचंच. कपड्याने पुसून लावला तर गाडी चक्क सुरू झाली! जुना, मेलेला डबा, आणि सुरू! मी त्या गाडीकडे बघत बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. माझ्या डोक्यावरच परिणाम होतोय का, हा विचार आज पहिल्यांदा आला.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी धुऊन दिली. आज कॅशियरबाई पहिल्यांदा रस्त्यावर गाडी काढणार होत्या, म्हणून जरा जास्तच धुतली.

चौकात बंद पडली. मागे ट्रक, बाजूला बस, आणि सगळ्यांचे हॉर्न. टपावरच्या फलकाखाली बसलेल्या आमच्या दोघी बायकांना जग एकमुखाने ओरडत होतं. कॅशियरबाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही कानांवर हात ठेवले म्हणे. आयुष्यभर नवरा ओरडला म्हणून त्या गाडीला शिवल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं हे," आणि रिक्षा करून घरी गेल्या. परवा नाव नोंदवलेल्या तिघींपैकी दोघींचे फोन आले की त्यांचे गुडघे दुखतात.

मी गाडी ओढून आणली. घरी आलो तर ही खुर्चीवर बसून तिची शाळेची पर्स ओल्या फडक्याने पुसत होती. चेनच्या कडेची धूळसुद्धा कानाकोपऱ्यातून काढली आणि पर्स दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवली.

मी गॅरेजवाला माणूस आहे, मला फार काही बोलता येत नाही. पण हिला असं पर्स पुसताना बघवलं नाही. मनात म्हटलं, हा क्लास उभा राहिला पाहिजे, माझी सगळी हत्यारं त्या गाडीवर मोडली तरी चालतील.

१७ मार्च, सोमवार

गॅरेजात गेलो तर गाडी नाही! चोरीच झाली असं धरून रस्त्यावर धावलो. तेवढ्यात कॅशियरबाई रस्त्यावरून जाताना दिसल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही, हा गुण आज कामी आला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावाकडे घेऊन गेल्या ना त्या सकाळीच."

धाकट्याकडे! माझ्या बायकोची गाडी, माझं गॅरेज असताना, टोचन करून, भर रस्त्याने, धाकट्याकडे! नाक कापायचंच होतं तर घरात कापायचं.

आता पाण्याचं लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडेच काम करायचा. मी एका गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचं इंजिन धूत होतो. त्या गिऱ्हाइकासमोर हा मला म्हणाला, "दादा, नव्या गाड्यांच्या इंजिनावर असं पाणी मारत जाऊ नकोस." मला! ज्याने त्याला नळाला पाईप कसा लावायचा ते शिकवलं, त्या मला! मी पाईप त्याच्याकडे वळवला. तो ओलाचिंब होऊन गेला तो गेलाच, आणि दोन महिन्यांत स्वतःचं दुकान टाकलं. तिथे म्हणे फरशी पुसलेली असते आणि सगळे लॅपटॉपसमोर बसलेले असतात. गॅरेज आहे की बँक?

ही घरी आल्यावर मी फक्त एवढंच विचारलं, "काय म्हणाला?"

ही म्हणाली, "बघतो म्हणाले."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"दादा कसा आहे, असं विचारलं."

बाहेर जाऊन उगीच स्कूटर धुतली.

१९ मार्च, बुधवार

गाडी आली. चालते आहे. ठणठणीत.

मी कोणाला न दिसता बॉनेट उघडलं. धाकट्याने काय केलं असेल? नवा मेंदू? नवं वायरिंग? काही नाही. डब्याच्या प्लगभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि वर एक प्लॅस्टिकची पिशवी बांधली आहे, रबरबँड लावून! हेच का ते लॅपटॉपचं ज्ञान? एखाद्याने भाजी बांधून दिल्यासारखं इंजिन दिसतंय. मी हिला विचारलं, तर म्हणाली, "एक रबर मागवलंय, ते येईपर्यंत तसंच ठेवायला सांगितलंय."

"कसलं रबर?"

"मला काय कळतंय," ही म्हणाली. आणि गालात हसली, असं मला वाटलं.

दुसरी गोष्ट. गॅरेजातला पाण्याचा पाईप सापडत नाही. ही म्हणते, शेजारच्यांनी नेला. शेजाऱ्यांकडे विचारलं, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांचा पाईप चोरलाय.

२२ मार्च, शनिवार

गाडी आता रात्री आमच्याकडे नसतेच. ही ती कॅशियरबाईंच्या आवारात लावून येते. बाई परत शिकायला लागल्या आहेत. चौकातून एकदा आरपार गेल्या आणि पलीकडे जाऊन रडल्या म्हणे, आनंदाने. हे मला हिने सांगितलं नाही, बाईंनीच सांगितलं. हिने फक्त गाडी तिकडे का लावते याचं कारण सांगितलं, की इथे जागा नाही. गॅरेजवाल्याच्या बायकोला गाडी लावायला जागा नाही!

आज मी सरळ विचारलं. "माझा हात लागलेला तुला नको आहे, असंच ना?"

ही म्हणाली, "अठ्ठावीस तारखेपर्यंत तुम्ही फक्त गाडीपासून लांब राहा. एवढं करा माझ्यासाठी."

"हा क्लास चालू नये अशी माझीच इच्छा आहे, असं धाकट्याने तुझ्या डोक्यात भरवलंय का?"

"त्यांनी काही भरवलं नाही. पण तुम्हाला सरळ सांगितलं तर तुम्ही मुद्दाम कराल, असं म्हणाले ते. आणि ते खोटं आहे का, सांगा."

मुद्दाम काय करीन, ते विचारायला हवं होतं. पण मला एवढं लागलं होतं की मी उठून गेलो. जिच्यासाठी मी रोज सकाळी कामधंदा सोडून इंजिन आरशासारखं करून दिलं, तिला मी गाडीच्या जवळपाससुद्धा नको आहे. ठीक आहे. लांब राहीन.

२७ मार्च, गुरुवार

उद्या तपासणी. ही आज गाडी घरी घेऊन आली, कारण सकाळी लवकर निघायचंय. गाडीवर आठवड्याची धूळ. इंजिनाकडे तर बघवत नाही. आणि वर ती भाजीची पिशवी.

आमच्या घरून, माझ्या दारातून, अशी गाडी सरकारी माणसापुढे उभी राहणार? तो म्हणेल, नवरा मेकॅनिक आणि इंजिनावर रबरबँड?

हिने मला लांब राहायला सांगितलंय, ते मी पाळलं आहे. पण माणसाने आपल्या बायकोसाठी काहीतरी करायला नको का? मला दुसरं येतं तरी काय. पहाटे ही उठायच्या आत करतो. पाईप सापडलाय. धान्याच्या डब्यामागे होता. शेजाऱ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

२८ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

पहाटे पिशवी काढली, चिकटपट्टी सोलली, आणि इंजिन धुतलं. असं धुतलं की उस्तादांनी त्यात तोंड बघून दाढी केली असती. मग गप्प अंथरुणात जाऊन पडलो. हिने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, ही गेली. काही बोलली नाही कारण बॉनेट उघडून पाहिलंच नाही. म्हटलं, तिथे उघडेल तेव्हा कळेल. तेव्हाचं हिचं तोंड बघायला मिळावं म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवरून मागोमाग गेलो.

तपासणीच्या मैदानावर गाड्यांची रांग होती. हिची गाडी पुढून तिसरी. शेजारच्या सीटवर कॅशियरबाई, धीर द्यायला आलेल्या. मी फाटकापाशी उभा. पुढची गाडी सरकली, हिची नाही सरकली. हिने किल्ली फिरवली. परत फिरवली. काहीच नाही.

मी धावत गेलो. हिने काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं, आणि एकच शब्द विचारला.

"धुतलीत?"

मी अभिमानानेच म्हणालो, "चकाचक."

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि डोळे मिटले. कॅशियरबाई माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी त्यांची बँक लुटली आहे.

मी बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सोडली, डब्याचा प्लग काढला. प्लगमधून पाणी आलं. थेंब नाही, धार. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली आणि बाहीत शिरली. प्लगच्या कडेला जिथे रबर असायला हवं तिथे रबरच नव्हतं, मागच्या मालकाने कुठेतरी घालवलेलं. आतल्या पिना हिरव्या. त्या दिवशी मी पितळ म्हणून पुसलं होतं तेच हिरवं.

मला सगळं एकदम दिसलं. टर्मिनल नव्हतं. रिले नव्हता. मेंदू शाबूत होता. मी नसलो की गाडी गुणी होती कारण मी नसायचो. ती पट्टी, ती पिशवी, तो लपवलेला पाईप. तीन वर्षांपूर्वीचा तो धाकटा, ओलाचिंब, दारातून बाहेर जाताना. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. पण जमिनीत जायलाही वेळ नव्हता, रांग सरकत होती.

"वाळवायला काय आहे?" मी ओरडलो. हो, ओरडलो.

फाटकासमोर बायकांचं पार्लर आहे. मी, मागच्या गाडीचा ड्रायव्हर आणि पदर खोचलेल्या कॅशियरबाई अशा तिघांनी गाडी ढकलत रस्ता ओलांडला. ही स्टिअरिंगवर. मी आत घुसलो आणि म्हणालो, "ड्रायर द्या, मेंदू ओला झालाय." पार्लरवालीने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. खुर्चीतल्या बाईंचे केस अर्धे ओले होते. पण त्याच म्हणाल्या, "द्या हो त्यांना, माझं काही अडत नाही." देव त्यांचे केस लांबसडक ठेवो.

वायर दारातून ओढून बाहेर आणली. आता किती गरम, किती लांबून, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मी ओलं केलं, वाळवलं कधीच नाही. हिने फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"बोला वहिनी," धाकटा म्हणाला.

"मी बोलतोय," मी म्हटलं. "प्लगमध्ये पाणी आहे."

पलीकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"पट्टी लावली होती मी, दादा."

"काढली."

"का?"

"वाईट दिसत होती."

तो हसला असता तर मी फोन रस्त्यावर फेकला असता. तो हसला नाही. म्हणाला, "ड्रायर हातभर लांब धर. गरम कमी ठेव. पिनांना काही टोचू नकोस, वाकतील. डब्याच्या बाजूची भोकंही वाळव. घाई करू नकोस. मी लाईनवर आहे."

मी वाळवत राहिलो आणि तो लाईनवर राहिला. मधे एकदा त्याने विचारलं, "बीपीची गोळी घेतोस का?" मी म्हटलं, "घेतो." नव्हती घेतली.

कापसाने पिना हलकेच टिपल्या, कॅशियरबाईंनी पर्समधून दिलेली चिकटपट्टी गुंडाळली, पार्लरवालीची टोपी वरून बसवली. ती केस रंगवताना घालतात तसली. स्कॅनरने कोड पुसला. हिने किल्ली फिरवली.

सुरू.

परत रांगेत लागलो. तपासनीस सगळं बघून शेवटी बॉनेटपाशी आला. बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिन फार स्वच्छ आहे. काही लपवताय का?"

ही म्हणाली, "नवऱ्याला लपवायचा प्रयत्न केला होता, साहेब. जमलं नाही."

पास झाली. जीव भांड्यात पडला. घरी येताना ही पुढे गाडीत आणि मी मागे स्कूटरवर. घरी आल्यावर हिने पाईप उचलला आणि माझ्या हातात दिला. "धुवायचंच असेल तर," ही म्हणाली, "संडास आहे, ओटा आहे, अंगण आहे. भांडी आहेत. मी कधी नाही म्हणाले?"

मी अंगण धुतलं.

३१ मार्च, सोमवार

हिने शाळेत जाऊन राजीनामा दिला आणि येताना ती पर्स कॅशियरबाईंच्या मोलकरणीला देऊन आली.

धाकटा रबर घेऊन गॅरेजात आला. मी टॉर्च धरला, त्याने बसवलं. मी म्हटलं, "त्या दिवशी पाणी जरा जास्तच गार होतं." तो म्हणाला, "होतं." आणि टॉर्च जरा डावीकडे घे, म्हणाला. मी घेतला.

४ एप्रिल, शुक्रवार

गाडी इतकी मळली आहे की मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहून गेलंय. मी ते वाचतो आणि हात खिशात घालतो.

हिने आज मला कामाला लावलं. म्हणाली, "शेवटचा धडा तुमच्याशिवाय होत नाही. तुम्ही मागे बसा आणि नेहमीसारखे ओरडा. बाहेर लोक ओरडणारच. बाईंना सवय व्हायला हवी." म्हणजे 'इथे कोणी ओरडत नाही' या फलकाखाली मी अधिकृत ओरडणारा.

बसलो मागे. कॅशियरबाई स्टिअरिंगवर, ही शेजारी. ही बोलत होती तो आवाज मी घरात कधी ऐकलेला नव्हता. "घ्या, आता दुसरा. काही घाई नाही. मागचा थांबेल." बाईंचा हात गिअरवर होता आणि हिचा हात बाईंच्या हाताच्या जवळ, पण न लागेल असा. मी बघतच राहिलो. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

"अहो, ओरडा ना," ही पुढे बघतच म्हणाली.

"जमत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात वळणावर, फुटलेल्या नळामुळे रस्त्यावर हे एवढं डबकं.

"पाणी!" मी उभाच राहायचा तेवढा राहिलो, डोकं टपावर आपटलं. "पाणी! पाणी आहे! सांभाळा! इंजिनात जाईल! हळू! डावीकडून घ्या, डावीकडून! पाणीऽऽ!"

बाईंच्या भुवईची रेषसुद्धा हलली नाही. गिअर उतरवला, वेग कमी केला, डबक्याच्या कडेने गाडी सावकाश काढली आणि पुढे गेल्या. गाडी बंद पडली नाही.

मग त्यांनी हिला विचारलं, "हे असेच ओरडतात का नेहमी?"

"असेच," ही म्हणाली. "घाबरायचं नाही. जीव लागला ना एखाद्या गोष्टीवर, की ओरडतात. दुसरं येत नाही त्यांना."

मी डोकं चोळत मागे बसलो होतो. हे मी हिला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. हिला कोणी सांगितलं कोण जाणे.